पहिलं पुस्तक हाच पुरस्कार

सावर्डे किंवा देवरुखच्या कलामहाविद्यालयांची वार्षिक प्रदर्शनं पाहिली की कोकणातल्या तरुण हातांची तयारी लक्षात येते. भिजलेला जांभा, शेवाळलेली कौलं, खाडीवरून वर सरकणारं धुकं ही मुलं जलरंगात सहज उभं करतात. त्यातली काही जण मुलांच्या पुस्तकांकडे वळतात, नव्या चित्रकारांसाठीच्या स्पर्धांचे नियम शोधून काढतात, चित्रं पाठवतात आणि तिथे अडतात. हात कच्चा असतो असं मुळीच नाही. मागितलेली असते चित्रांतून सांगितलेली एक गोष्ट, आणि पाठवलेली असतात पाच सुंदर सुटी चित्रं.

इटलीतल्या बोलोन्यात दर वसंतात मुलांच्या पुस्तकांची जत्रा भरते. तिथलं चित्रकारांचं प्रदर्शन १९६७ मध्ये सुरू झालं. नव्या चित्रकाराला जगभरच्या प्रकाशकांसमोर उभं राहायला याहून मोठी जागा नाही. एखादं पुस्तक आधी छापलेलं असावं अशी अटही नाही. मागतात पाच चित्रं, एकाच विषयाला धरून. अलीकडच्या वर्षांत ४,००० च्या आसपास चित्रकार भाग घेतात आणि निवड होते साधारण ७५ ते ८० जणांची. म्हणजे परीक्षकांपुढे २०,००० चित्रं येतात. पहिल्या फेरीत एका संचाच्या वाट्याला किती वेळ येत असेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. तेवढ्या वेळात रंग लावण्याचं कसब फारसं उपयोगी पडत नाही, कारण ते तिथवर आलेल्या बहुतेकांकडे असतंच. डोळा थांबतो तो पाचही चित्रं एकाच जगातली असली तर, आणि दुसरं पाहिल्यावर तिसरं पाहावंसं वाटलं तर. संच पाठवण्याआधी घरच्या घरी करायची एक परीक्षा आहे. पाचातलं कुठलंही एक चित्र पालथं घालून झाकावं. उरलेल्या चारांना काहीच फरक पडला नाही, तर ते चित्र संचाचा भाग झालेलं नाही. दक्षिण कोरियातल्या नामी बेटावर २०१३ पासून एक वर्षाआड होणाऱ्या नामी स्पर्धेतही अशी सलग चित्रमालिकाच लागते.

सलग चित्रांतून गोष्ट सांगणं कोकणाला शिकवायला नको. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातली चित्रकथीची परंपरा आजही चालू आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या अनेकांना या कलेचं नाव पहिल्यांदा कळलं. चित्रकथीची पोथी म्हणजे सुट्या कागदांचा जुडगा. कागद साधारण १२ बाय १८ इंचांचा. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. कथेकरी एक चित्र समोर धरतो, वीणा, हुडुक आणि टाळाच्या साथीने रामायण-महाभारतातलं एक आख्यान गातो, आणि प्रसंग संपला की कागद उलटतो. पुढचं चित्र त्याच कागदाच्या पाठीवर असतं, त्यामुळे उलटेपर्यंत ते कुणाला दिसत नाही. चित्रपुस्तकात पान उलटण्याला जे महत्त्व असतं, ते इथे हाताच्या एका हालचालीत आहे.

नव्या चित्रकाराने ही पोथी बारकाईने पाहावी. पात्रं एका बाजूने काढलेली, चेहरे एकमेकांकडे वळलेले, त्यामुळे कोण कुणाशी बोलतोय हे मागच्या रांगेतल्या माणसालाही कळतं. एका पात्राचा मुकुट, अंगावरचा रंग, वस्त्राची नक्षी पहिल्या चित्रापासून शेवटच्यापर्यंत तशीच राहते. युद्धात बाणांची दिशाच नजरेला पुढे नेते. पार्श्वभूमीत मोजकं: एखादं झाड, एखादा रथ, बाकी मोकळा कागद. हे सगळं जसंच्या तसं आजच्या चित्रपुस्तकाला लागू पडतं. मात्र पिंगुळीचे मोठे डोळे आणि मुकुट उचलून आपल्या पाच चित्रांवर चढवायचे, हा मोह टाळावा. तो वारसा ज्या घरांचा आहे त्यांच्या हातात तो शोभतो, आणि उसनी शैली परीक्षकाला लगेच ओळखू येते. घ्यायची असेल तर गोष्ट पुढे नेण्याची रीत घ्यावी.

आपल्याकडचं शिक्षण नेमकं उलट वळण लावतं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांतून पोरं वर येतात. तिथे स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, सगळं एका कागदावर सुरू होतं आणि त्याच कागदावर संपतं. पेपर जमा, गोष्ट संपली. ‘जत्रेतील दृश्य’ काढायचं म्हटलं की पाळणा, फुगेवाला, देऊळ, गर्दी हे सगळं त्या एकाच कागदात कोंबावं लागतं, कारण पुढचा कागद नसतो. या सवयीचा मुलगा चित्रपुस्तकाकडे आला की प्रत्येक पानावर सगळंच सांगून टाकतो आणि पान उलटायला वाचकाला कारणच उरत नाही.

एक उदाहरण सविस्तर पाहू. मालवण-वेंगुर्ल्याकडची रापण, म्हणजे समुद्रात टाकलेलं मोठं जाळं किनाऱ्यावरून दोरांनी ओढायची मासेमारी. विषय जवळचा, आणि म्हणूनच फसवा. सहसा जी पाच चित्रं सुचतात ती अशी: होडी पाण्यात लोटतात, जाळं टाकतात, दोर ओढतात, मासे येतात, वाटे पडतात. पाचही चित्रं सारख्याच अंतरावरून, पाचांत क्षितिज एकाच उंचीवर, पाचांत वीस-पंचवीस माणसं. ही रापणीची माहिती झाली. भूगोलाच्या पुस्तकात चालेल.

आता याच रापणीत आठ वर्षांची एक मुलगी आणा, जिला मोठ्यांच्या रांगेत दोर धरायचा आहे. पहिलं चित्र तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून. दिसतात फक्त मोठ्यांचे पाय, वाळूत रुतलेल्या टाचा, पोटऱ्यांवर चिकटलेली वाळू, आणि त्या पायांच्या मधून सरकणारा ओला दोर. मुलगी पाठमोरी. दुसरं चित्र एकदम वरून, घिरट्या घालणाऱ्या घारीला दिसेल तसं: पाण्यात जाळ्याचं मोठं अर्धवर्तुळ, किनाऱ्यावर त्याच्या दोन टोकांना माणसांच्या दोन रांगा, आणि रांगेच्या बाहेर एक छोटा लाल ठिपका. तो तिचा फ्रॉक, हे सांगावं लागत नाही. तिसरं चित्र अगदी जवळून: दोर पानभर आडवा, त्यावर राकट हात, त्यांच्या मधोमध दोन लहान हात. चौथ्यात सगळे थांबलेत, सगळ्यांच्या माना पानाच्या उजव्या कडेबाहेर वळल्यात, आणि ज्याकडे ते पाहतायत ते चित्रात नाहीच. पाचव्यात पान गच्च भरलेलं, तारली नि बांगडे उसळतायत, माणसं धावतायत, आणि मुलगी माशांकडे न बघता आपल्या तळहातावर उठलेले दोराचे वळ बघतेय.

या पाचांत एकही ओळ लिहिलेली नाही, तरी गोष्ट कळते. अंतर बदललं, उंची बदलली, गर्दी आणि मोकळीक आळीपाळीने आली. लाल रंग आणखी कुठे वापरला नाही, म्हणून ठिपका ओळखता आला. दिशेकडेही लक्ष द्यावं. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. समुद्र उजव्या हाताला ठेवला तर दोराची ओढ वाचनाच्या उलट जाते आणि जोर लागतोय हे जाणवतं. समुद्र डावीकडे गेला की तीच ओढ वाचनाच्या वाटेने वाहत जाते आणि सोपी वाटते. आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं तर समुद्र उजवीकडे येतो, तेव्हा पहिलं चित्र तिथून काढावं आणि पुढे बाजू बदलू नये. सकाळची रापण असेल तर सावल्या समुद्राकडे पडायला हव्यात. इटलीतल्या परीक्षकाच्या हे लक्षात येणार नाही, पण देवबागच्या मुलाच्या येईल, आणि पुस्तक त्याच्यासाठी आहे.

पाच चित्रं थेट काढायला बसू नये. आधी पूर्ण पुस्तकाची डमी, म्हणजे हाताने केलेली कच्ची प्रत, करावी आणि तिच्यातून पाच निवडावीत. ए-फोरचे चार कागद एकात एक घालून मधोमध दुमडले की १६ पानं होतात. पहिलं पान शीर्षकाचं. मग दोन-तीनपासून चौदा-पंधरापर्यंत सात जोडपानं आणि सोळावं एकटं. श्रेयनामावली मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला घेता येते. सात जोडपानांत गोष्ट बसवताना कळतं की कुठला प्रसंग उगाच आहे. रेखाटनं आगपेटीएवढी असावीत, म्हणजे तपशिलात अडकायला होत नाही. मराठीत १६ पानांची इतकी पुस्तकं का दिसतात यालाही साधं कारण आहे. डबल क्राउन कागद २० बाय ३० इंचांचा असतो. त्याच्या घड्या घातल्या की क्राउन क्वार्टो आकाराची नेमकी १६ पानं मिळतात आणि एका शीटमध्ये पुस्तक होतं. कापल्यावर पान साधारण सव्वासात बाय साडेनऊ इंच राहतं. २० पानांचं पुस्तक मनात धरून काढलेली गोष्ट छापखान्यात कागद वाया घालवते, मग प्रकाशक तुमचीच पानं कापायला सांगतो.

हा आकार कोकणातल्या विद्यार्थ्याला आणखी एका कारणाने सोयीचा. ग्रेड परीक्षेपासून ओळखीचा क्वार्टर इम्पीरियल कागद ११ बाय १५ इंचांचा असतो. क्राउन क्वार्टोचं जोडपान साडेचौदा बाय साडेनऊ इंचांचं. चारी बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड, धरूनही ते त्यात मावतं, आणि तो कागद ए-थ्री स्कॅनरवर एका दमात बसतो. ए-फोर स्कॅनरवर दोन तुकड्यांत स्कॅन करून जोडलं, तर आकाशाच्या सपाट वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या एकसलग थरात, सांधा दिसल्याशिवाय राहत नाही.

जोडपानाच्या मध्यावर शिवण येते. तिथून दोन्हीकडे किमान १० ते १२ मिलिमीटरमध्ये चेहरा, हात किंवा गोष्टीला महत्त्वाची वस्तू ठेवू नये. पिनेच्या बांधणीत पुस्तक सपाट उघडतं, तरी दोन पानं मिलिमीटरभर वरखाली होतात. तिरपी रेघ, म्हणजे वर सांगितलेला दोर, शिवणीवर तुटलेली दिसते. तो शक्य तितका आडवा ठेवावा.

पात्र सगळ्या पानांवर तेच राहणं ही नव्या चित्रकारांची खरी दुखरी जागा. पहिल्या चित्रात डाव्या खांद्यावर असलेली वेणी तिसऱ्यात उजव्या खांद्यावर जाते, भांग बदलतो, फ्रॉकवरच्या ठिपक्यांच्या रेघा होतात, चौथ्या चित्रात मुलगी दोन वर्षांनी मोठी झालेली असते. मुलं हे हटकून पकडतात. उपाय म्हणजे रंगवायला बसण्याआधी पात्राचा एक कागद करणं: समोरून, बाजूने, पाठमोरी, बसलेली, धावणारी, वर बघणारी, रडवेली. डोक्याच्या मापात उंची ठरवून टाकावी. आठ वर्षांचं मूल प्रत्यक्षात साधारण सहा डोकी उंच असतं. चित्रपुस्तकात चार डोकी केलं तरी गोड दिसतं, पण एकदा चार ठरलं की सगळीकडे चारच. रंगांच्या मिश्रणाचे ठिपके त्याच कागदाच्या कडेला लावून नावं लिहून ठेवावीत. त्वचेचा रंग रोज नव्याने कालवला तर तो रोज वेगळा येतो.

मजकुराला जागा सोडायची हेही अनेकांच्या ध्यानात राहत नाही, कारण स्पर्धेत चित्रावर मजकूर नको असतो. तरी जागा हवीच. ती दिसली की परीक्षकाला कळतं, याला पुस्तक माहीत आहे. देवनागरीला रोमनपेक्षा उंची जास्त लागते. वेलांटी, रफार, मात्रा शिरोरेघेच्या वर जातात आणि उकार खाली उतरतो, त्यामुळे दोन ओळींतलं अंतर सढळ ठेवावं लागतं. नुकत्याच वाचू लागलेल्या मुलासाठी १८ ते २२ पॉइंटची अक्षरं घेतली तर चार ओळींना पानाचा सहज पाव भाग जातो. ती जागा शांत असावी: ओली वाळू, आकाश, सारवलेली भिंत. सुरूच्या बनावर किंवा मांडवाच्या झावळ्यांवर अक्षरं वाचता येत नाहीत.

यातच एक छपाईची गोष्ट आहे, जी कुठल्याही कलाशाळेत सहसा सांगत नाहीत. आपल्याकडे चित्रपुस्तक बऱ्याचदा अनेक भाषांत निघतं. छपाई चार रंगांच्या चार प्लेटांवर होते. मजकूर फिकट जागेवर निव्वळ काळ्यात असेल तर भाषा बदलताना फक्त काळी प्लेट बदलते आणि बाकीच्या तीन तशाच चालतात. गडद निळ्या रात्रीवर पांढरी अक्षरं ठेवली तर ती चारही प्लेटांत कोरलेली असतात, मग प्रत्येक भाषेला चारही नव्या कराव्या लागतात. रात्रीचा प्रसंग असला तरी चंद्राच्या उजेडाचा किंवा कंदिलाचा एक फिकट पट्टा राखून ठेवणारा चित्रकार प्रकाशकाला आवडतो, त्याचं कारण हे.

पावसाळ्याबद्दल वेगळं लिहायला हवं. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. या दिवसांत कागद हवेतलं पाणी पिऊन सैल पडतो. २०० ग्रॅमच्या कागदावर वॉश टाकला की तो लाटांसारखा उठतो, रंग खळग्यात साचतो आणि वाळताना कडेला गडद रेघ सोडतो. वॉश लवकर वाळत नाही म्हणून घाईने दुसरा थर दिला की पहिला उखडतो. ३०० ग्रॅमचा कागद घ्यावा, दोन्ही बाजूंनी ओला करून गोंदपट्टीने पाटीवर ताणून पूर्ण वाळू द्यावा आणि चित्र संपेपर्यंत सोडवू नये. हेअर ड्रायर हातभर लांबून फिरवला तर चालतो. जवळून धरला तर रंग एका बाजूला पळतो.

पोस्टर कलरचं दुखणं आणखी निराळं. त्यातला डिंक दमट हवेत पुन्हा ओलावतो. चित्रं एकावर एक ठेवली तर चिकटतात, आणि सोडवताना खालच्या चित्राचा रंग वरच्याच्या पाठीवर येतो. मध्ये बटर पेपर घालावा. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि त्या अधूनमधून तव्यावर मंद गरम करून पुन्हा कोरड्या कराव्यात. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. जांभ्याची भिंत आतून ओल धरते आणि कागदावर बुरशीचे तपकिरी ठिपके उमटतात, ते नंतर जात नाहीत. ज्याला स्पर्धेसाठी काम करायचं त्याने रंगकाम ऑक्टोबर ते मे या काळात ठेवावं आणि पावसाळा डमी, पात्रं, पेन्सिलीची रेखाटनं यांना द्यावा. बोलोन्याचं वेळापत्रक या दृष्टीने आपल्याला अनुकूल आहे. जत्रा मार्च-एप्रिलच्या सुमारास असते आणि चित्रं हिवाळ्यात मागवली जातात.

स्कॅन करताना स्कॅनरची आपोआप सुधारणा बंद ठेवावी. ती फिकट वॉश कागदाचा मळ समजून पुसून टाकते आणि सकाळच्या समुद्राचा अर्धा भाग पांढरा होतो. ६०० डीपीआयवर स्कॅन करून मूळ फाइल टिफमध्ये जपावी. छपाईच्या मापाला ३०० डीपीआय पुरतं. वरच्या जोडपानासाठी ते ब्लीडसकट साधारण ४,४२० बाय २,९२० पिक्सेल होतं. परीक्षक पडद्यावर पाहणार असतील तर एसआरजीबी रंगांत जेपेग द्यावं. भाताच्या कोवळ्या रोपांचा हिरवा आणि उथळ पाण्याचा निळसर-हिरवा पडद्यावर झगमगतात, पण छपाईच्या चार शाईंत ते येत नाहीत, मातकट होतात. संगणकावर रंगवणाऱ्यांनी हे आधीच तपासलेलं बरं. नाहीतर पुस्तक हातात आल्यावर ते दुसऱ्याच कुणाचं वाटतं.

फाइलची नावं नियमात दिली असतील तशीच हवीत. चित्रावर सही, नाव किंवा वॉटरमार्क नको, कारण बऱ्याच ठिकाणी नाव झाकून परीक्षण होतं. हिवाळ्यात इटलीचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं. तो फायदा गृहीत धरून शेवटच्या रात्री अपलोड करायला बसू नये, गावाकडचं नेटवर्क कधी जाईल ते सांगता येत नाही.

आता पुरस्कारांकडे. नव्यांसाठीचा पुरस्कार कुठला आणि कारकिर्दीचा कुठला, यात फार गल्लत होते. हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार चित्रकारांना १९६६ पासून दिला जातो, तो आयुष्यभराच्या कामासाठी. स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हाचं द्वैवार्षिक प्रदर्शन १९६७ पासून चालतं, पण तिथे छापलेल्या पुस्तकांची मूळ चित्रं लागतात. नव्यांच्या वाटा निराळ्या आहेत. बोलोन्याच्याच पुस्तक-पुरस्कारांत पहिल्या पुस्तकासाठी ‘ओपेरा प्रिमा’ हा वेगळा विभाग आहे. त्याच प्रदर्शनात निवडल्या गेलेल्या ३५ वर्षांखालच्या एका चित्रकाराला स्पेनचं एसएम फाउंडेशन पुरस्कार देतं आणि त्याच्याकडून एक चित्रपुस्तक करून घेतं. ब्रिटनमध्ये कलाशाळांतल्या विद्यार्थ्यांसाठी मॅकमिलन पुरस्कार १९८५ पासून आहे. चित्रपुस्तकातल्या नवागताला मिळणारा क्लाउस फ्लुगे पुरस्कार २०१६ पासून सुरू झाला, त्याची रक्कम ५,००० पौंड. अमेरिकेत एझ्रा जॅक कीट्स पुरस्कार सुरुवातीच्या पुस्तकांसाठी असतो, आणि २००१ पासून त्यात चित्रकारही आहेत. आशियातल्या आपल्यासारख्या देशांसाठी सर्वांत मोलाची होती ती टोकियोची नोमा स्पर्धा. १९७८ मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा २००८ नंतर थांबली, आणि ती पोकळी अजून नीट भरलेली नाही.

या यादीत आपल्याला सर्वांत शहाणपणाचा वाटतो तो एसएमचा प्रकार. रक्कम खर्च होते, स्मृतिचिन्ह कपाटात जातं. पुस्तक केल्याने चित्रकार संपादकासोबत काम करायला शिकतो, छपाईचे कच्चे नमुने पाहतो, वेळेत पानं द्यायला शिकतो, आणि दुसरं काम मिळवायला त्याच्या हातात दाखवण्याजोगं काहीतरी असतं.

मराठीत काय आहे? साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून आहे, रक्कम ५०,००० रुपये, पण तो लेखनासाठी. महाराष्ट्र शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत बालवाङ्मयाचे कविता, कथा, कादंबरी, नाटक असे विभाग आहेत, तेही लेखनाचेच प्रकार. टाटा ट्रस्टच्या ‘पराग’ने २०१६ मध्ये बिग लिटल बुक पुरस्कार सुरू केला, त्यात लेखकासोबत चित्रकाराला बरोबरीचं स्थान दिलं, आणि पहिल्याच वर्षी मराठीची निवड होऊन माधुरी पुरंदरे यांना लेखनासाठी आणि अतनु रॉय यांना चित्रांसाठी तो मिळाला. ही फार मोठी गोष्ट होती. मात्र तो भरीव काम केलेल्यांचा गौरव आहे. ज्याचं पहिलं पुस्तक अजून व्हायचं आहे, त्या बाविशीतल्या चित्रकारासाठी मराठीत स्वतंत्र, नियमित आणि नावाजलेला पुरस्कार हवा. तो कोकणात सुरू झाला तर उत्तमच.

कसा असावा, हेही सांगते. प्रवेशासाठी १६ पानांची पूर्ण डमी आणि त्यातली तीन रंगवलेली जोडपानं मागवावीत, कारण नुसती रंगीत चित्रं मागितली की पुन्हा सुटी निसर्गचित्रं येतात. ऑक्टोबरमध्ये घोषणा, जानेवारीत प्रवेशिका. फेब्रुवारीत पाच जण निवडून त्यांना थोडं मानधन आणि एक संपादक द्यावा. मे अखेर, पावसाच्या आधी, एका विजेत्याचं रंगकाम पूर्ण व्हावं. छपाई जुलै-ऑगस्टमध्ये उरकावी, कारण नंतर छापखाने दिवाळी अंकांनी भरून जातात आणि मुलांच्या पुस्तकाचे रंग जुळवायला कुणाला वेळ नसतो.

परीक्षकांत एक चित्रकार, एक कलासंपादक आणि एक छपाईतला जाणकार असावा. चौथी जागा वाचनालयात किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना रोज पुस्तकं वाचून दाखवणाऱ्या व्यक्तीला द्यावी, आणि तिचं मत इतरांइतकंच धरावं. निवडलेल्या पाच डमी दुसरीच्या वर्गात वाचून दाखवाव्यात. वाचताना मुलांकडे बघावं: कुठल्या पानावर ती पुढे सरकतात, कुठे बोट ठेवून काहीतरी दाखवतात, कुठे शेजाऱ्याशी बोलायला लागतात. शेवटच्या बाकावरून मुख्य पात्र ओळखू येत नसेल तर चित्रकाराला तेही कळवावं. निवड न झालेल्या प्रत्येकाला चार ओळींचा लेखी अभिप्राय गेलाच पाहिजे. आपल्याकडच्या स्पर्धांत हे सर्वांत आधी गळतं, आणि नव्या माणसाला रकमेपेक्षा याची गरज जास्त असते.

विजेत्याच्या हाती पुस्तकाचं काम देताना लेखी करार त्याच दिवशी व्हावा. स्वतःहून काढलेल्या चित्राचे हक्क चित्रकाराचेच असतात. पण पैसे देऊन कुणी चित्र काढून घेतलं आणि लिखापढी नसली, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमानुसार पहिला मालक काढून घेणारा ठरू शकतो. म्हणून पुस्तकाचं काम तोंडी ठरवू नये. १९ व्या कलमाप्रमाणे हक्क लेखीच द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. स्पर्धेच्या नियमांत ‘सर्व प्रवेशिकांचे सर्व हक्क आयोजकांकडे’ असं एखादं वाक्य असलं तर तिथे चित्रं पाठवू नयेत, पुरस्कार कितीही मोठा असो. आयोजकांना प्रदर्शन आणि प्रसिद्धीपुरती परवानगी पुरते. करारात किती प्रती, कुठल्या भाषा, पुनर्मुद्रणाला किती मानधन हे आकड्यांत असावं. एकरकमी पैसे देऊन पुढच्या दहा आवृत्त्या फुकट काढायची पद्धत नव्यांच्या माथी सहज मारली जाते. नाव सांगण्याचा हक्क ५७ व्या कलमाने हक्क विकल्यावरही चित्रकाराकडे राहतो, तेव्हा चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर लेखकाच्या नावाएवढ्याच अक्षरांत असेल, हेही लिहून घ्यावं. मूळ चित्रं छपाईनंतर किती दिवसांत आणि कशा पॅकिंगमध्ये परत येतील, याचं कलम शेवटी असावं. त्यात तारीख पावसाळ्यातली पडत असेल तर प्लॅस्टिकचं वेष्टण आणि मधला बटर पेपर हे दोन शब्द जरूर घालावेत.